काम झालं की पुसायचं

६ फेब्रुवारी, सोमवार

कामाची नोंद मी संस्थेच्या संगणकावर ठेवते. ती सर वाचतात. ही वही त्या नोंदीत न बसणाऱ्या गोष्टींसाठी. मुळात ती आईची, शिवणाची मापं लिहायची. चार पानं भरून तिनं सोडून दिली होती. पाचव्या पानापासून मी.

प्रकल्पाचं नाव 'समाजमाध्यमांवरील वर्तन आणि प्रादेशिक संस्कृती'. सोप्या भाषेत सांगायचं तर डोंगरपट्ट्यातली माणसं आणि सपाटीवरची माणसं फोनवर वेगळी वागतात का, हे मोजायचं. भाषा एकच, चेहरेही सारखेच. डोंगरात दर वीस-पंचवीस वर्षांनी पेटतं, लोक खाली येतात, इथल्यासारखं बोलायला शिकतात आणि मग बोलण्यावरून कोणी ओळखू येत नाही. आमच्याकडे चार लाख खात्यांच्या जाहीर पोस्ट आहेत. त्यांतल्या एकतीस हजार लोकांनी आपलं मूळ गाव स्वतःच लिहिलं आहे. त्यांच्यावरून आमचा प्रोग्राम शिकतो आणि बाकीच्यांविषयी अंदाज करतो. सध्या शंभरात अडुसष्ट अंदाज बरोबर येतात. नाणं उडवलं तरी पन्नास येतील. म्हणजे मला पगार आहे तो वरच्या अठरांचा.

आज दुपारी सर्व्हर अडकला.

(दोन ओळी खोडलेल्या.)

८ फेब्रुवारी, बुधवार

परवाच्या दोन ओळी मी खोडल्या. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे मदत मागितल्याचं लिहिलं होतं. काम झालं, आता ते तसं कागदावर राहिलेलं बघवत नाही. कारण सांगता येणार नाही. नीटनेटकेपणा म्हणू.

त्याला सगळे लंबू म्हणतात. चाळिशीचा आहे. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत येतो आणि आला की लवकर जात नाही. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत कधीच पोचत नाहीत.

"झालं का काम?"

"झालं."

"मग टाक की ऑफिसच्या ग्रुपवर. 'लंबूमुळे वाचले' म्हणून. सपाटीवर मुकाट्यानं उपकार करायची पद्धत नाही, बाई. चारचौघांत नाव घ्यावं लागतं."

"धन्यवाद."

"तू बोलतेस की पावती फाडतेस?"

घरी आईचंही असंच. शिवणवाल्यांचा एक जाहीर गट आहे, त्यात सकाळी लिहिते, 'जाड कापडाची सुई कोणाकडे आहे का?' दुपारी सुई मिळते, संध्याकाळी पोस्ट गायब. मला पाठवलेला 'काळा दोरा आण' हा निरोपसुद्धा दोरा हातात पडला की पुसते. फोन भरेल अशी भीती वाटते तिला. एका ओळीनं फोन भरत नाही, हे मी दोनदा समजावलं. "बरं," म्हणाली. ती कशालाही बरं म्हणते.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

मला माझीच एक चूक सापडली आणि तीच कामाची निघाली.

आम्ही दर सहा तासांनी सगळ्या पोस्टची प्रत घेतो. एका प्रतीत असलेली पोस्ट पुढच्या प्रतीत नसेल, तर माझा प्रोग्राम ती सदोष समजून टाकून देत होता. आज टाकून न देता मोजून पाहिलं. गायब होणाऱ्या पोस्ट वाटेल तशा गायब होत नाहीत. त्या मदत मागणाऱ्या असतात. हरवलेली चावी, रक्त, गाडीत एक जागा, दोन दिवसांसाठी खोली. खाली कोणीतरी 'माझ्याकडे आहे, फोन करा' असं लिहितं आणि दिवसभरात मूळ पोस्ट नाहीशी होते. डोंगरपट्ट्यातले लोक अशा शंभरांतल्या एकाहत्तर पोस्ट पुसतात. सपाटीवरचे नऊ. सपाटीवर पोस्ट तशीच ठेवतात आणि मदत करणाऱ्याचं नाव घेऊन आभार मानतात, फोटोसकट.

हे एक लक्षण जोडल्यावर अडुसष्टाचे त्र्याण्णव झाले.

सर खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत. "अहो, हे सोनं आहे! कारण काय लिहिलंत?"

"कारण अज्ञात."

"अज्ञात कसं चालेल? 'कृतघ्नता' लिहा. प्रश्नचिन्ह टाका हवं तर."

प्रश्नचिन्ह टाकलं. आजचा दिवस चांगला गेला असं म्हणायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रकल्पाला पैसा पुरवणारे गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, अगदी मऊ बोलणारे. चहा घेत नाहीत, फक्त गरम पाणी पितात, तेही फुंकर मारून. माझा अहवाल त्यांनी पेन्सिल हातात धरून वाचला आणि 'कृतघ्नता'पुढचं प्रश्नचिन्ह खोडलं. मग तो शब्दही खोडून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : 'माग पुसण्याची सवय'.

"फार सुरेख काम केलंत, ताई. आता एवढंच करा. ज्यांनी मूळ गाव सपाटीवरचं लिहिलंय पण वागणं वरचं आहे, अशांची यादी द्या. नावांसकट."

"टक्केवारी देणार असं ठरलं होतं."

"टक्केवारी दार उघडत नाही ना."

मी विचारलं, "शंभरात सात अंदाज चुकतात. त्या सातांचं काय?"

त्यांनी पाण्यावर फुंकर मारली. "सात चालतील."

सर हसले. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही. दोन्ही गोष्टी इथे नोंदवून ठेवते.

२२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली यादी गेली. चारशे बारा नावं. त्या गृहस्थांना ती कशाला हवी, हे मी सरांना विचारलं. "धोरणासाठी," म्हणाले. कसलं धोरण, हे विचारायच्या आत त्यांचा फोन वाजला. खरंच वाजला, की न वाजताच त्यांनी उचलला, ते मला नीट दिसलं नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

कॅन्टीनची मावशी तीन दिवस आलेली नाही. तिच्या जागी एक माणूस चहा देतो आणि कपाच्या कडेला अंगठा बुडवतो.

गेल्या महिन्यात मावशीचा चष्मा हरवला होता. तिनं इमारतीच्या जाहीर पानावर विचारलं होतं. चष्मा मला नळाजवळ सापडला. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुझं नाव तोंडावर येऊ देणार नाही हो पोरी." मला ते विचित्र वाटलं. म्हातारी चुकून उलटं बोलली असेल, असं समजून मी सोडून दिलं. घरी जाऊन पाहिलं तर तिची पोस्ट नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या खोलीवर गेले. संस्थेपासून अकरा मिनिटं. दाराला कुलूप, आणि ते तिचं नव्हतं : नवं, मोठं, वर कागदाची पट्टी चिकटवलेली. शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"कुठे गेल्या मावशी?"

"तुम्ही कोण?"

"कॅन्टीनला ओळख आहे."

तिनं चिमटा तोंडातून काढला. "दोघे आले होते. गाडी होती. चांगल्या घरचे वाटत होते हो, आवाजसुद्धा चढवला नाही. तिला म्हणाले, चष्मा घ्या बरोबर, वाचायला लागेल. एकानं माझ्याकडे प्यायला गरम पाणी मागितलं."

परत येऊन यादी उघडली. ओळ दोनशे बारा. आकडा ०.८८.

आकडा शून्य ते एकच्या मध्ये असतो. एकच्या जितका जवळ, तितकं माणूस 'वरचं'. ही मोजपट्टी मी केली. मोजपट्टीला चूक म्हणता येत नाही. दुपारभर हातांना घाम येत होता, त्यामुळे कीबोर्ड पुसत बसले.

१ मार्च, बुधवार

लंबू आला, पण बसला नाही. दार लावून घेतलं. ते दार तो कधीच लावत नाही.

"सरांनी सगळ्या स्टाफची खाती घालून बघायला सांगितली होती. चाचणी म्हणून. स्टाफ आणि घरचे."

"मग?"

"तुझा आकडा बघितलास?"

"नाही."

"बघू नकोस."

तो गेल्यावर मी बघितला. ०.९१. आईचा ०.९७.

दुसरी यादी सोमवारी सकाळी अकराला जायची आहे. तिच्यात ज्यांनी पंचवीस वर्षांहून जास्त काळ सपाटीवरचंच गाव लावलं, ते लोक आहेत. आईची ओळ एकोणतीस. स्टाफचं सर वेगळं ठरवणार आहेत.

स्वतःशी हिशेब केला. माझा जन्म इथला. प्रोग्राम शंभरात सात वेळा चुकतो. मी त्या सातांत असेन, आईही असेल. दोघी एकदम चुकून येण्याची शक्यता ०.०७ गुणिले ०.०७, म्हणजे दहा हजारांत एकोणपन्नास. मग लक्षात आलं की गुणाकारच चुकीचा आहे. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच गुणता येतं. आई आणि मुलगी स्वतंत्र नसतात.

वहीतलं माझं पहिलं पान उलटून पाहिलं. माझ्या खोडलेल्या दोन ओळी तिथे होत्या.

२ मार्च, गुरुवार

आज रजा घेतली. आई मशीनवर होती.

"आई, तू निरोप का पुसतेस?"

"फोन भरतो."

"फोन भरत नाही. मी सांगितलंय तुला."

तिनं शिवण पूर्ण केली, दोरा दातानं तोडला आणि पाय पायट्यावरून खाली घेतला. मशीन बंद झाल्यावर खोली एवढी शांत असते, हे मला माहीत नव्हतं.

"कोणी विचारलं का तुला?" ती म्हणाली.

"कोणी विचारलं नाही. मीच शोधून काढलं. मीच दिलं त्यांना."

सगळं सांगितलं. आकड्यांसकट. तिला आकडे कळत नाहीत, तरी सांगितले. तिनं ऐकून घेतलं. मग हातातल्या कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तुझ्या जन्माआधीची गोष्ट. मी आणि तुझे बाबा वरून पायी उतरलो. खाली एका शाळेतल्या बाईंनी आम्हाला नऊ दिवस नकाशांच्या खोलीत ठेवलं. आमच्यात आधीपासूनच रीत आहे, ज्यानं हात दिला त्याचं नाव मागे ठेवायचं नाही. पण तुझे बाबा शिकलेले. म्हणाले, असं कसं, माणुसकी म्हणून आभार तरी मानायला हवेत. इथे आल्यावर त्यांनी बाईंना पत्र टाकलं. चांगलं दोन पानी. नावगाव घालून."

"मग?"

"पत्र बाईंच्या टेबलात सापडलं. ते वाचून बाईंना नेलं." तिनं घडी मांडीवर ठेवली. "आम्ही पुसतो ते विसरायला नाही गं. विचारायला कोणी आलं तर दाखवायला काही राहू नये म्हणून."

मी म्हटलं, "मी अहवालात कृतघ्नता लिहिलं."

"बरं," आई म्हणाली. मग घडी बाजूला ठेवून, "तू लहानपणी कोणाचं रबर घेतलंस तर हातावर नाव लिहायचीस आणि परत दिलं की थुंकीनं पुसायचीस. मी शिकवलं नव्हतं. तू बघून शिकलीस."

आपण इथून निघून जाऊ, असं मी सुचवलं. "आणि जायचं कुठे?" तिनं विचारलं. "वर की अजून खाली? गिऱ्हाइकांचे कपडे आहेत माझ्याकडे." भीती माणसाला पळवते असं मला वाटत होतं. आईला ती मशीनसमोर बसवते.

३ मार्च, शुक्रवार

यादी नष्ट करून उपयोग नाही. प्रोग्राम ती चार मिनिटांत पुन्हा करेल. प्रोग्राम नष्ट करूनही उपयोग नाही. सर दुसऱ्याकडून लिहून घेतील. एकच गोष्ट परत करता येत नाही : सहा-सहा तासांच्या प्रती. त्या सगळ्या एकत्र करून फक्त शेवटची प्रत ठेवली, तर कोणी काय पुसलं हे कोणालाच दिसणार नाही. त्यांवरून आलेले आकडे आणि यादीही काढावी लागेल. आणि प्रती माझ्या हातात नाहीत.

लंबूला जिन्यात गाठलं. चिठ्ठीवर तीन ओळी लिहून नेल्या होत्या. त्यानं वाचल्या, चिठ्ठी परत माझ्या हातात ठेवली.

"डिस्क भरली की जुन्या प्रती एकत्र करायच्या, हे माझं कामच आहे," तो म्हणाला. "दोन महिने राहिलंय. आळशी माणूस मी."

"तळघरात प्रतींचा आणखी एक संच आहे."

"माहितेय. मीच ठेवलाय."

"प्रतींना हात लावायचा नाही असा सरांचा लेखी हुकूम आहे. तुमच्यावर येईल."

"येईलच. माझ्यावर नाही येणार तर कोणावर, चौकटीवर?" मग आवाज खाली आणून, "तुझ्या आईचा आकडा मी आधी पाहिला होता. मंगळवारी. एक दिवस गप्प बसलो. ते मला जड जातंय."

मी म्हटलं, "धन्यवाद."

"पावती," तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "या वेळी ग्रुपवर टाकू नकोस."

चिठ्ठी गिळली. कागद वाटतो त्याहून खारट असतो.

६ मार्च, सोमवार

साडेनऊ : लंबूची खुर्ची रिकामी. प्रती नाहीत. आकडे नाहीत, यादी नाही. तळघरातला संच नाही. सर पांढरेफटक.

अकरा : गृहस्थ आले. यादीसाठी आले होते. सरांनी सांगितल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी गरम पाणी मागितलं आणि मला समोर बसवलं.

"ताई, प्रती कोणी पुसल्या?"

"मी विश्लेषण बघते. प्रती सांभाळणं माझ्याकडे नाही."

"तो उंच गृहस्थ तुमच्याकडे येऊन बसायचा."

"सगळ्यांकडे बसायचा."

"तुम्ही त्याच्याकडे काही मदत मागितलीत?"

"नाही."

त्यांनी माझा संगणक उघडायला सांगितला. निरोप पाहिले, पत्रं पाहिली, कामाची नोंद तारखेनं वाचली. चाळीस मिनिटं. माझ्या मानेवरून घामाचा एक थेंब कण्यावर उतरत होता आणि तो कुठे पोचला हे मला प्रत्येक क्षणी माहीत होतं.

शेवटी ते मागे टेकले. "काहीच नाही. इतकी वर्षं कामाला आहात आणि कोणाला 'जरा बघता का' असंसुद्धा विचारलेलं सापडत नाही. इतकी स्वच्छता मी एकाच प्रकारच्या लोकांकडे पाहिली आहे."

मी म्हटलं, "मी नीटनेटकी आहे."

"हो ना," ते म्हणाले. ग्लास संपवला. "त्या लक्षणाशिवाय तुमचा प्रोग्राम किती बरोबर येतो?"

"अडुसष्ट."

"अडुसष्टावर कोणाच्या दारात जाता येत नाही. ठीक आहे. तो सापडला की बोलू. गुरुवारी अकराला येतो. घरीच येईन, आईंनाही भेटणं होईल."

७ मार्च, मंगळवार

आजही रजा. दुपारी तीनला दार वाजलं. मी उठले नाही. आईनं उघडलं.

"बाही लांब करायची आहे," बाहेरून आवाज आला. "इथे करतात ना?"

लंबू. हातात पिशवी, पिशवीत एक शर्ट. दाढी वाढलेली. चौकटीतून आत येताना या वेळी वाकायला विसरला आणि त्याचं डोकं आपटलं. आईनं त्याला बसवलं, कपाळाला पाणी लावलं, मग पुन्हा उभं केलं आणि टेप काढली. माप घ्यायला तिला स्टुलावर चढावं लागलं.

"तुम्हाला काही जन्मात तयार कपडे मिळाले नसतील," ती म्हणाली.

"नाही ना. आणि लपायला जागाही नाही. जाईन तिथे डोकं वर राहतं."

मी म्हटलं, "तुमच्या घरी कोणी आलं होतं?"

"मी बघायला थांबलो नाही. बायकोला माहेरी घातलं. दोन रात्री बसथांब्यांवर काढल्या. मला दोन-तीन दिवस कुठेतरी..." तो थांबला. "म्हणजे, नसेल जमत तर राहू दे. शर्ट तरी कर."

आईनं फोन घेतला.

"आई, जाहीर गटात नको."

"मला अक्कल नाही का?" ती बटणं विकणाऱ्या एका बाईला लिहीत होती, बाई पलीकडच्या गावात असते, तिला मी कधी पाहिलेलं नाही. मी खांद्यावरून वाचलं : 'एक फार लांब कोट आहे. टांगायला तीन दिवस जागा हवी. घडी घालता येत नाही.'

लंबूनंही वाचलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला, आवाज न करता, आणि मग हसता हसता तोंडावर हात धरून बसला.

आईनं त्याला डबा दिला आणि मागच्या जिन्यानं पाठवलं. कोणत्या बसमध्ये बसायचं ते त्याच्या कानात सांगितलं. मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. शर्ट तिनं ठेवून घेतला.

"लांब करतेस?"

"उसवून चिंध्या करते. त्याच्या मापाचा दुसरा माणूस नाही गावात."

८ मार्च, बुधवार

पहिल्या यादीतली चारशे बारा नावं मला परत आणता आली नाहीत. कॅन्टीनमध्ये तोच माणूस आहे, तोच अंगठा. मावशीचं काय झालं हे विचारण्याचा अधिकृत मार्ग नाही. अनधिकृत मार्ग मी शिकते आहे. आईनं आणखी दोन बायकांना काहीतरी लिहिलं आहे. एका जुन्या चष्म्याविषयी.

सकाळी कामाला जाण्यापूर्वी आईचा फोन घेतला. ती मशीनवर होती, पाठमोरी. बटणवाल्या बाईचं नाव शोधलं. कालच्या निरोपाच्या जागी चार शब्द होते :

'हा संदेश पुसला आहे.'

मी ते तीनदा वाचलं. मग तिथेच जमिनीवर बसले.

"काय गं?" आई न वळता म्हणाली.

"काही नाही. फोन भरला होता."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं पायटा दाबला.

उद्या अकराला ते गृहस्थ येतील. पाणी तापवून ठेवायचं आहे. टेबलं, कपाटं, शिवणाचा डबा, सगळं उघडं ठेवायचं आहे. आणि ही वही. पहिली चार पानं मापांची आहेत. आईला लागतील, तेवढी ठेवते.